दुसऱ्याच्या हातचा टाका

अपुरे राहिलेले काम कोणाचे, हा प्रश्न काव्य, शिल्प आणि वास्तू यांच्या संदर्भात पुष्कळदा विचारला गेला आहे. घरात बसून केलेल्या शिवणकामाच्या संदर्भात मात्र तो फारसा विचारला जात नाही. ज्या कामावर कर्त्याचे नाव नाही, त्या कामाविषयी कर्तव्याचा प्रश्नही उद्भवत नाही, असे बहुधा गृहीत धरले जाते. हे गृहीतक कितपत टिकते ते पाहण्यासाठी अमेरिकेतील गोधडीकामाच्या परंपरेतला एक लहानसा प्रघात उपयोगी पडण्यासारखा आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणा स्त्रीने शिवून ठेवलेले, परंतु गोधडीत कधीच न जोडले गेलेले चौकोनी तुकडे आज दुसरी एखादी स्त्री मिळवते आणि त्यांतून एक लहान गोधडी पुरी करते. वरवर पाहता ही एक निरुपद्रवी हौस आहे. थोडे खोलात गेल्यास तिच्यात वारसा, संमती आणि सत्य यांविषयीचे काही अवघड प्रश्न दडलेले आढळतात.

अमेरिकन क्विल्ट ही तीन थरांची वस्तू होय. वरचा थर रंगीत तुकड्यांचा, मधला बहुधा कापसाचा आणि खालचा अस्तराचा. हे तिन्ही थर टाक्यांनी एकमेकांत बांधलेले असतात. वरचा थर पुष्कळदा एका दमात शिवला जात नाही. साधारण वीत-सव्वा वीत लांबीरुंदीचे चौकोन एकेक करून आधी तयार केले जातात. या चौकोनाला ब्लॉक म्हणतात. तो मांडीवर मावतो, हातातले काम आले की बाजूला ठेवता येतो आणि पुन्हा उचलता येतो. स्वयंपाक, मुले आणि शेतीची कामे यांच्या फटींतून मिळणाऱ्या वेळेला ही रीत सोयीची होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय झालेली ‘लॉग केबिन’ ही पट्ट्यांची रचना असो, की १९२० आणि १९३० च्या दशकांत घरोघर पोहोचलेली ‘ड्रेस्डेन प्लेट’सारखी पाकळ्यांची रचना असो, तिचा आरंभ अशा सुट्या चौकोनांतच झालेला असतो.

साहजिकच, जेथे काम तुकड्यातुकड्याने चालते तेथे ते तुकड्यांतच थांबण्याचा संभवही असतो. कोणाचा मृत्यू होतो, कोणाचे लग्न होते, कुटुंब दूरच्या प्रांतात स्थलांतर करते, डोळे अधू होतात. कधी केवळ कंटाळाही येतो. मग अकरा, सात किंवा चारच चौकोन डब्यात राहतात आणि दोन-तीन पिढ्यांनंतर घरातील सामानाच्या लिलावात विक्रीला येतात. तेथील जुन्या वस्तूंच्या व्यवहारात त्यांना ‘अनाथ’ असेच विशेषण लावले जाते. एवढ्याशा चौकोनांतून पलंगभर गोधडी होत नाही आणि जुने कापड तिचे वजन पेलण्याजोगेही नसते. म्हणून त्यांची लहान गोधडी केली जाते: बाहुलीच्या पाळण्याची, मेजावर घालण्याची किंवा भिंतीवर टांगण्याची.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, याकडे लक्ष दिल्यास त्यातील नैतिक प्रश्न आपोआपच उघड होतात. जुने चौकोन सहसा एका मापाचे नसतात. एकाच हाताने शिवलेल्या चौकोनांतही बोटभराचा फरक सापडतो. कोठे शिवण वाकडी गेलेली असते, कोठे टोक टोकाला मिळालेले नसते. ते जोडायचे तर तीन मार्ग संभवतात. पहिला, सर्व चौकोन सर्वांत लहान चौकोनाच्या मापाला कापून टाकणे. यात आकृतीची टोके जातात. दुसरा, शिवण उसवून तेच तुकडे पुन्हा नीट शिवणे. यात कापड राहते, पण मूळ हात नाहीसा होतो. तिसरा, प्रत्येक चौकोनाभोवती कमीजास्त रुंदीची पट्टी लावून सर्वांना एका मापावर आणणे; यात वाकडेपणा जसाच्या तसा राहतो आणि भरपाईचा भार नव्या कापडावर पडतो. कापणे, उसवणे आणि पट्टी लावणे या तीन कृती केवळ तंत्राच्या नव्हेत. पूर्वसूरीशी असलेल्या नात्याच्या त्या तीन कल्पना आहेत. साहित्याचे संपादन, भाषांतर किंवा जीर्णोद्धार करणाऱ्यालाही याच तिघींतून निवड करावी लागते.

या चौकोनांना हातच लावू नये, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष प्रथम विचारात घेतला पाहिजे, कारण तो दुबळा नाही. अपुरी वस्तू ही एक प्रकारची साक्ष असते. पुऱ्या झालेल्या गोधडीत शिवणीची मागील बाजू अस्तराआड जाते. सुट्या चौकोनात ती उघडी राहते आणि शिवणारीचा हात, घाई आणि काटकसर त्या बाजूवर वाचता येतात. इंग्लंडमध्ये आणि पुढे अमेरिकेतही कागदी साच्यांवर कापड दुमडून तुकडे जोडण्याची एक पद्धत होती. काम पुरे करताना हे कागद काढून टाकीत. काम अपुरे राहिले तर कागद आतच राहत, आणि त्यांवर कधी जुनी पत्रे, कधी वर्तमानपत्राचे कपटे, कधी मुलांच्या वहीतील अक्षरे सापडतात. इंग्लंडमधील १७१८ सालच्या रेशमी आच्छादनात असे कागद अजूनही टिकून आहेत आणि अभ्यासकांच्या दृष्टीने ते कापडाइतकेच मोलाचे आहेत. म्हणजे पूर्णत्वाला नेण्याची जी कृती आपुलकीची वाटते, तीच पुराव्याचा नाश करणारी ठरू शकते. शिवाय कापडाचे स्वतःचे आयुष्य असते. लोहयुक्त द्रव्याने पक्के केलेले तपकिरी आणि काळे रंग कालांतराने सुताला खातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वजन वाढवण्यासाठी धातूंच्या क्षारांत बुडवलेले रेशीम आपोआप चिरफाळते. अशा कापडात सुई घालणे म्हणजे त्याचा शेवट जवळ आणणे होय.

सुझन ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेने हा प्रश्न फार तीव्र रूपात मांडला आहे. १९०० साली आयोवा राज्यात जॉन होसॅक या शेतकऱ्याचा खून झाला आणि त्याच्या पत्नीवर आरोप आला. त्या खटल्याची वार्तापत्रे ग्लास्पेल यांनी लिहिली होती. त्या अनुभवावरून त्यांनी १९१६ मध्ये ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका आणि १९१७ मध्ये ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ ही कथा लिहिली. पतीच्या खुनाचा आरोप असलेल्या स्त्रीच्या घरात पुरुष मंडळी पुरावा शोधत हिंडतात; स्वयंपाकघरात थांबलेल्या दोन स्त्रियांना मात्र तिच्या टोपलीत लॉग केबिन आकृतीचे सुटे चौकोन दिसतात. बाकीचे काम सुबक, एका चौकोनातील शिवण मात्र पूर्ण विसकटलेली. त्या टाक्यांत एका मनाचा तोल सुटल्याचा क्षण नोंदला गेला आहे, हे दोघींनाही उमगते. त्यांच्यापैकी एक ते टाके उसवते आणि त्या जागी नीट टाके घालू लागते. कायद्याच्या दृष्टीने हा पुरावा नष्ट करणे झाले. तिच्या दृष्टीने ती एका एकाकी स्त्रीला उशिरा दिलेली सोबत आहे. एकच कृती एका बाजूने करुणा आणि दुसऱ्या बाजूने सत्याचा लोप ठरते, आणि ग्लास्पेल यांनी या दोहोंपैकी एकाचीही किंमत कमी लेखलेली नाही. जुने चौकोन नीटनेटके करणाऱ्या प्रत्येक हाताने या कथेची आठवण ठेवावी. कारण वाकडा टाका ही नेहमीच चूक असते असे नाही. कधी ते त्या स्त्रीचे एकमेव विधान असते.

असे असले तरी जतन करणाऱ्यांच्या पक्षात एक गृहीतक न तपासता राहून गेलेले दिसते. डब्यातील चौकोन हा ‘मूळ स्थितीत’ आहे, असे ते मानतात. वस्तुतः डबा ही त्या चौकोनाची मूळ स्थिती नव्हे, ती त्याच्या वाटचालीतील अडवणूक आहे. ब्लॉक हा स्वभावतःच दुसऱ्या ब्लॉकची अपेक्षा करतो. त्याच्या चारी कडांना शिवणीसाठी सोडलेले कापड ही अपेक्षा बोलून दाखवते. शिवाय ज्या स्त्रीच्या नावाने त्याला अस्पर्श ठेवायचे, ती स्वतः अस्पर्शतेची उपासक नव्हती. तिने मुलीचा झगा, नवऱ्याचा सदरा, शेजारणीकडून आलेली चिंधी यांना कात्री लावूनच तो चौकोन घडवला होता. १९३० च्या दशकातील मंदीच्या काळात पीठ आणि पशुखाद्य यांच्या छापील सुती पोत्यांचे कपडे झाले आणि कपड्यांच्या उरलेल्या तुकड्यांच्या गोधड्या झाल्या. अलाबामा राज्यातील जीज बेंड येथील मिझूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये आपल्या मृत पतीच्या कामाच्या कपड्यांतून गोधडी शिवली. ज्या परंपरेचे सारे तत्त्व मोडीतून जोड घडवण्याचे आहे, तिचा अवशेष पवित्र मानून कपाटात बंद ठेवणे हे त्या परंपरेशी सुसंगत म्हणता येणार नाही.

भारतीय वाचकाला हा विचार अपरिचित नाही. महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ जुन्या लुगड्याधोतरांच्या थरांवर धावदोरा घालून होते. ती विरली की पुष्कळ घरांत तीच आत घालून वरून नवी शिवली जाते. एका गोधडीच्या पोटात दुसरी गोधडी राहते, आणि आजीच्या लुगड्याच्या मऊपणात तान्हे मूल निजते. बंगालमधील कांथेत तर शिवायचा रंगीत दोराही जुन्या साड्यांच्या काठांतून उसवून घेतला जात असे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रिया आपली कवंदी कडेपासून आत शिवत नेतात आणि चारी कोपऱ्यांवर घडीचे लहान त्रिकोण लावल्यावाचून ती पुरी झाली असे मानत नाहीत. याहून जुना दाखला बौद्ध विनयाचा आहे. मगधातील बांधबंदिस्तीच्या शेतांकडे पाहून बुद्धांनी आनंदाला तशा आकृतीचे चीवर करता येईल का असे विचारले, आणि तेव्हापासून भिक्षूचे वस्त्र तुकडे जोडून केले जाऊ लागले. कापल्याने कापडाची किंमत उतरते आणि चोराला त्याचा मोह होत नाही, हेही त्यामागचे एक कारण होते. धुळीच्या ढिगावर टाकलेल्या चिंध्यांचे पांसुकूल तर मालकीच्या कल्पनेलाच छेद देणारे वस्त्र होते. जे टाकून दिले गेले ते कोणाचेच नाही, म्हणून ते जो जबाबदारीने उचलेल त्याचे, असा त्यातील न्याय आहे.

परंतु हा न्याय अनाथ चौकोनांना सरसकट लावता येईल काय? येथे एक भेद नजरेआड करून चालणार नाही. गोधडीत जाणारे लुगडे बहुधा घरचेच असते आणि ते फाडणारी त्या लुगड्याच्या धनिणीची मुलगी किंवा सून असते. लिलावातून चौकोन उचलणारा हात परका असतो, आणि ती वस्तू धुळीच्या ढिगावरून नव्हे तर बाजारातून आलेली असते. बाजारात वस्तूची मालकी हस्तांतरित होते. कर्तृत्वाचे काय होते, याविषयी पावतीवर काही लिहिलेले नसते. हॅरिएट पॉवर्स यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८३७ मध्ये जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेल्या या स्त्रीने बायबलमधील प्रसंगांची एक गोधडी शिवली आणि १८८६ च्या एका प्रदर्शनात ती मांडली. तेथे जेनी स्मिथ या चित्रकला-शिक्षिकेने ती विकत मागितली. पॉवर्स यांनी नकार दिला. पुढे घरची ओढाताण असह्य झाली तेव्हा त्या स्वतः गोधडी घेऊन स्मिथ यांच्याकडे गेल्या, दहा डॉलर मागितले आणि पाच डॉलरांवर समाधान मानले. देण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक चौकटीचा अर्थ सांगितला, तो स्मिथ यांनी लिहून ठेवला. आणि नंतरही त्या गोधडी पाहण्यासाठी अनेकदा येऊन गेल्या. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. व्यवहार कायदेशीर होता. तरी पाच डॉलरांत गोधडीशी असलेले सारे नाते विकले गेले असे कोणी म्हणणार नाही. अनाथ चौकोनांची कर्ती तर परत पाहायलाही येऊ शकत नाही. म्हणून ‘तिला हे आवडलेच असते’ हे समर्थन, कितीही प्रामाणिक असले तरी, तपासून पाहता येण्याजोगे नाही. मृताच्या तोंडी आपली इच्छा घालणे सोपे असते. पुरे करणाऱ्याने संमतीचा आधार सोडून आपल्या कृतीचे उत्तर स्वतः दिले पाहिजे.

असे उत्तर कसे असू शकते, याची दोन उदाहरणे भारतीय साहित्यात उपलब्ध आहेत. बाणभट्टाची ‘कादंबरी’ त्याच्या मृत्यूमुळे अपुरी राहिली आणि त्याचा मुलगा भूषणभट्ट याने उत्तरभाग लिहून ती पुरी केली. आरंभीच त्याने सांगून टाकले आहे की, कथा अपुरी राहिल्याचे सज्जनांना झालेले दुःख पाहून आपण हे काम हाती घेतले, कवित्वाच्या गर्वाने नव्हे. वडिलांचा भाग कोठे संपतो आणि आपला कोठे सुरू होतो, हे त्याने लपवले नाही. म्हणूनच शतकानुशतके रसिक दोहोंची तुलना करू शकले आणि मुलाला उणे ठरवण्याचे स्वातंत्र्यही त्यांना मिळाले. दुसरे उदाहरण एकनाथांचे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत पुढील तीन शतकांत अनेक पाठभेद शिरले होते; शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी प्रती पडताळून ग्रंथ शुद्ध केला आणि त्यात कोणी स्वतःची ओवी घालू नये असा स्पष्ट इशारा दिला. एकनाथ स्वतः थोर कवी होते. एखादी ओवी मिसळून देणे त्यांना अवघड नव्हते. एकाने स्वतःचे घातले पण खूण ठेवली. दुसऱ्याने समर्थ असून काही घातले नाही. या दोघांत विरोध नाही. अपुऱ्या कथेला भर हवी होती, पुऱ्या ग्रंथाला संयम हवा होता. समोरची वस्तू यांपैकी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे, हीच वारसदाराची पहिली कसोटी होय.

वास्तुजतनाच्या क्षेत्रात १९६४ च्या व्हेनिस सनदेने हीच भूमिका नियमरूपाने मांडली. जेथे तर्काला सुरुवात होते तेथे जीर्णोद्धार थांबावा. गेलेल्या भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकंदर रचनेशी जुळावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखूही यावा. जुळणे आणि ओळखू येणे या दोन अटी एकत्र पाळणे कठीण आहे, पण चौकोनाभोवतीची पट्टी नेमके हेच करते. म्हणून वर सांगितलेल्या तीन मार्गांतील तिसरा मार्ग केवळ सोयीचा नाही, तो अधिक न्याय्यही आहे. तो जुन्या हाताला दुरुस्त करत नाही, आपले असणेही लपवत नाही. ज्या चौकोनांत कागद शिल्लक आहेत, किंवा १८४० च्या दशकातील मैत्री-गोधड्यांसाठी केलेल्या चौकोनांप्रमाणे ज्यांच्यावर शाईने नावे लिहिलेली आहेत, ते मात्र न जोडता ठेवणेच योग्य, कारण तेथे बोलणारे कोणी अजून शिल्लक आहे. आणि धडधाकट, पुरी झालेली जुनी गोधडी कापून तिच्या खेळणी-पिशव्या करण्याचा जो व्यापार चालतो, त्याला या चर्चेतून कोणताही आधार मिळत नाही. अपुरे पुरे करणे आणि पुरे अपुरे करणे यांत कात्री समान असली तरी कृती समान नाही.

वापराचा एक प्रश्न तरीही उरतो. अ‍ॅलिस वॉकर यांच्या १९७३ मधील ‘एव्हरीडे यूज’ या कथेत शिकून शहरात गेलेल्या मुलीला आजीच्या गोधड्या भिंतीवर टांगायच्या असतात. घरी राहिलेली, गोधडी शिवता येणारी धाकटी मुलगी त्या रोज पांघरून फाडून टाकील, अशी तिची तक्रार असते. आई त्या धाकटीला देते. वारसा वस्तूत नसून ती पुन्हा घडवण्याच्या हातोटीत आहे, असा या निर्णयाचा अर्थ लावता येतो. अनाथ चौकोनांची लहान गोधडी बहुधा भिंतीवरच जाते, म्हणून तिच्यावर थोरल्या मुलीचा दोष येतो हे मान्य करावे लागेल. परंतु ती शिवताना जुन्या टाक्यांची लांबी, दोऱ्याचा ताण, काटकसरीने जोडलेली चिंधी हे सर्व बोटांनी वाचावे लागते, आणि हे वाचन संग्रहालयाच्या काचेतून होत नाही. या अर्थाने ती धाकटीच्या बाजूचीही आहे.

या गोधडीच्या लहानपणालाही काही अर्थ आहे. पहिल्या स्त्रीच्या मनात पलंगभर रचना होती. ती कोणती, हे आता कळण्याचा मार्ग नाही. नऊ चौकोनांची लहान गोधडी त्या रचनेची जागा घेत नाही आणि तसा दावाही करत नाही. मोठे काम पुरे झाल्याचा आभास न देता, हाताशी असलेल्यालाच ठाव देण्याची ती एक मर्यादित खटपट आहे. जे गेले ते गेलेच, ही जाणीव तिच्या आकारातच राहते.

अखेरीस एक व्यावहारिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अशा गोधडीच्या पाठीवर, जुने काय, नवे काय, कोणी आणि कधी जोडले, एवढे लिहिलेली कापडी चिठ्ठी शिवण्याचा प्रघात जाणत्या मंडळींत आहे. पहिल्या स्त्रीचे नाव तिच्यावर लिहिता येत नाही, पण तिची जागा मोकळी ठेवता येते. नवे टाके सुती दोऱ्याचे आणि थोडे सैल घातले, म्हणजे पुढे कोणाला जुने चौकोन पुन्हा सुटे करायचे झाल्यास कापडाला इजा न होता ते उसवता येतात. दुसऱ्या हाताने पहिल्याविषयी बाळगायचा आदर अशा रीतीने तिसऱ्या हातापर्यंत पोहोचतो. तो हात कोणाचा असेल आणि तो काय ठरवील, हे त्याच्यावर सोपवलेले बरे.